दुधी काचेचा हिवाळा

कोहरा, म्हणजे आपलं धुकं, पडला की मी आधी खिडकीच्या काचेवर बोट फिरवतो. ओल आतून आलीय की बाहेरून, ते कळलं पाहिजे. आतून असेल तर घरात काहीतरी उकळतंय. बाहेरून असेल तर थंडी आहे, आणि थंडीचं आपण काही करू शकत नाही. पण न तपासता नुसतं 'काच धुरकटली' म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. काच आपोआप धुरकटत नसते. तिच्या एका बाजूला काहीतरी चाललेलं असतं.

शाळा माझी सातवीत सुटली, पण काचा मी जन्मभर बसवल्या. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा माझा बाप सरकारी दफ्तराच्या पेट्यांबरोबर चपराशी म्हणून इकडे भोपाळला आला आणि मी त्याच्या मागोमाग. मोठा झालो तसा सरकारी बंगल्यांच्या खिडक्यांवर लागलो. चार इमली या साहेबांच्या वस्तीत असा बंगला सापडायचा नाही जिथे माझ्या हातची पुट्टी नाही. न्हाणीघराला दुधी काच लावतात, ते समजतं. पण एखादा साहेब बैठकीच्या खिडकीला दुधी काच मागायचा, तेव्हा मी माप घेता घेता त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्यायचो. उजेड पाहिजे, पण दिसायला नको. असा माणूस मला कधी सरळ वाटला नाही.

यंदा पुन्हा कोहरा आलाय. आमच्या कोलार रोडवर सकाळी समोरची बिल्डिंग दिसत नाही, नुसत्या तिच्यातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. 'जाम ले लो, मीठे जाम' अशी हाक कुठून तरी येते. पेरूला इथे जाम म्हणतात. हाक येते, गाडा दिसत नाही. पूर्वी ही हाक आली की कुसुम, माझी बायको, पदर डोक्यावर घेऊन खाली जायची आणि पेरू दाबून दाबून गाडेवाल्याचा जीव नकोसा करायची. आता मी हाक ऐकतो आणि बसून राहतो. पेरू एकट्यानं खायचं फळ नाही. अर्धा दुसऱ्याला द्यावा लागतो, त्यात मीठ जास्त झालं म्हणून कोणीतरी बोंबलावं लागतं.

तिचा शेवटचा हिवाळा असाच कोहऱ्याचा होता. त्या हिवाळ्यात ती आणि आमची मुलगी वैजू माझ्यापासून काहीतरी लपवत होत्या. काय लपवत होत्या ते पुढे कळलं. का लपवत होत्या, ते कुसुम गेली तरी कळलं नाही. माझी लढाई तेवढीच होती. बायको मेल्याचं दुःख माणूस गिळतो, सगळेच गिळतात. पण जिच्याबरोबर जन्म काढला तिनं शेवटच्या दिवसांत आपल्याला दाराबाहेर उभं केलं, हे गिळवत नाही.

वैजू आमची एकुलती एक. शहराबाहेरच्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेत संशोधन करते. शेजाऱ्यांनी विचारलं की मी 'काचेचं काम करते' म्हणून सांगायचो आणि ती चिडायची. "काचेचं नाही हो बाबा. प्लॅस्टिकमध्ये द्रवस्फटिकाचे थेंब अडकलेले असतात, ते आत कसे वागतात हे मी चुंबकात घालून बघते." यातला एकही शब्द मला भरवशाचा वाटेना. द्रव म्हणजे पातळ, स्फटिक म्हणजे खडा. जे दोन्ही आहे असं सांगतात ते बहुतेक एकही नसतं. आमच्या खात्यात असे पुष्कळ होते.

एका रविवारी तिनं स्वयंपाकघरातच शाळा भरवली. ताटात आईच्या वाट्या मांडल्या आणि प्रत्येकीत चिमूटभर जिरं टाकलं.

"हे जिऱ्याचे दाणे म्हणजे त्या द्रवाचे रेणू समजा. लांबुळके. पाण्यासारखे वाहतात, पण एकमेकांचं बघून सगळे एका दिशेला तोंड करून राहतात. ही वाटी म्हणजे एक थेंब. असे अगणित थेंब प्लॅस्टिकच्या चादरीत. आता या वाटीतल्यांचं तोंड बैरागढकडे, त्या वाटीतल्यांचं मंडीदीपकडे. मग उजेडानं जायचं कुठून? तो प्रत्येक थेंबाला अडखळतो, चारीकडे फाकतो. म्हणून चादर दुधी दिसते."

"आणि?" मी म्हटलं.

"आणि वीज दिली की सगळे एकीकडे वळतात. चादर साफ. आरपार दिसतं. मोठ्या ऑफिसांत असल्या काचा लावतात आता. बटण दाबलं की दुधी, बटण दाबलं की साधी."

"बटण कोणाच्या हातात?"

"आत बसलेल्याच्या."

"मग झालं." मला जे कळायचं ते कळलं. दुधी काच एकदा बसवली की ती दुधीच राहिली पाहिजे. निदान माणसाला माहीत असतं की इथे लपवाछपवी आहे. बटणावर प्रामाणिक होणारी काच म्हणजे त्याच्यापेक्षा वाईट.

कुसुम पोळ्या लाटत होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "झालं का बापलेकीचं? माझं जिरं आधी डब्यात भर. आणि तुम्ही, मांडी घालून बसलाच आहात तर लसूण सोला."

त्याच सुमाराला वैजूच्या गळ्यात मला हळकुंड दिसलं. पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं. आपल्याकडे मंगळसूत्र तुटलं, गाठवायला टाकलं, तर बाईचा गळा मोकळा राहू नये म्हणून तेवढ्यापुरतं हळकुंड बांधतात. गाठवून आलं की सोडतात. हिच्या गळ्यातून ते हलेचना. आठवडा गेला, दुसरा गेला. मी काही आंधळा नाही. मंगळसूत्र गळ्यात नाही, लेक रोज संध्याकाळी नवऱ्याकडे जायच्या आधी आमच्याकडे चक्कर मारते, मायलेकी मोरीजवळ उभ्या राहून बोलतात आणि मी आलो की दुधाच्या भावावर येतात. याचा अर्थ लावायला शाळा लागत नाही.

"जावयाशी बिनसलंय का तिचं?" मी कुसुमला सरळ विचारलं.

"तुमच्या तोंडाला काही हाड? तिच्या चुंबकाच्या खोलीत धातू चालत नाही. काढून ठेवते आणि घालायला विसरते. म्हणून मीच बांधून दिलं हळकुंड."

"सोनं चुंबकाला चिकटतं, हे कोणत्या सोनारानं सांगितलं?"

"सोन्याचं कोण बोलतंय? आकडा लोखंडाचा आहे की कशाचा, तुम्हाला माहीत आहे?"

"मग आकडा बदला."

"तुम्ही तोंड बदला."

त्या हिवाळ्यात ती अशीच होती. भांडायला तयारच. एरवी दहा बोलण्यांना एक उत्तर देणारी बाई, पण त्या हिवाळ्यात तिला काय झालं होतं कोण जाणे. वरणात मीठ नाही. चहात आलं नाही. आणि माझा मफलर. ऐन कडाक्याच्या सकाळी, बाहेर हात दिसत नाही इतका कोहरा, आणि ही मफलर भिजवून बसलेली. "मळला होता," म्हणाली. मी आरडाओरडा केला. ती शांतपणे बालदीत हात घालून मफलर घुसळत राहिली, आणि मला वाटतं, हसत होती. माझा संशय आणखी वाढला.

मी शाहपुऱ्याला गेलो. जावयाचं, सुधीरचं, घर तिथे तलावाजवळ आहे. कोहरा इतका की तलाव आहे की मैदान, कळत नव्हतं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. म्हटलं, बघू तर खरं हा माणूस कोणाबरोबर येतो-जातो. थोड्या वेळानं कोहऱ्यातून तोच निघाला, एकटा, आणि सरळ पेरूच्या गाड्याशी गेला. पेरू नाकाला लावून हुंगत होता. मी मान फिरवली, पण त्यानं ओळखलं.

"बाबा? तुम्ही? इथे?"

"फिरायला आलो."

"कोलार रोडहून शाहपुऱ्याला? या कोहऱ्यात?"

"तिकडची हवा बरी नाही." मग मला ते नाटक जमेना. "वैजूचं मंगळसूत्र कुठंय?"

त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला. आधी मिठाची पुडी निघाली, मग रुमाल, आणि रुमालाच्या घडीत मंगळसूत्र. "सकाळी मी तिला संस्थेच्या गेटवर सोडतो ना, तिथे काढून देते. संध्याकाळी दोघांच्याही लक्षात राहत नाही. परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये रुमाल काढला आणि हे टेबलावर पडलं. साहेब म्हणाले, 'क्या बात है, फिर से शादी?'" तो स्वतःच हसला. मग एक पेरू मला दिला. "घ्या बाबा, गोड आहे. मी हुंगलाय."

या माणसात पकडण्यासारखं काही नाही, याचाच मला राग आला. परत येताना मी पेरू मिनीबसमध्ये खाल्ला. गोड होता. म्हणजे जावई साफ. मग त्या दोघी मोरीजवळ बोलतात ते काय?

असं आहे, संशयाला जागा लागते. एका घरातून त्याला काढलं की तो दुसरं घर बघतो.

मग वैजू आम्हाला तिचं चुंबक दाखवायला घेऊन गेली. घरच्या लोकांना आत येऊ द्यायचा दिवस होता. दाराशी घड्याळ, किल्ल्या, माझं चिल्लरचं पाकीट, सगळं काढून घेतलं. कुसुमनं मंगळसूत्र काढायच्या आधी पिशवीतून हळकुंडाचा दोरा काढून गळ्यात बांधला. घरूनच तयारी करून आली होती. खोलीत जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली, तिच्या अलीकडे थांबायचं. पलीकडे ते चुंबक. मला वाटलं होतं घोड्याच्या नालासारखं काही असेल. तर उभं पांढरं पिंप, माणसाहून उंच, तीन पायांवर. आवाज नाही, हालचाल नाही. काही करतंय असं वाटतच नव्हतं.

आम्ही उभे असताना एका माणसानं त्यात काहीतरी गार भरायला घेतलं आणि पिंपाच्या डोक्यातून पांढरा धूर भसाभस उतरला, जमिनीवरून आमच्या पायांकडे आला. मी कुसुमचं कोपर धरलं आणि दाराकडे वळलो. पांढरा धूर पायाशी आल्यावर उभा राहणारा माणूस भोपाळचा नसतो. ती रात्र ज्यानं बघितली त्याला 'काही नाही, काही नाही' म्हणून सांगू नये. वैजू तेच सांगत होती. "बाबा, नायट्रोजन आहे तो. आपण श्वासात घेतो तोच. नुसता गार."

"तेव्हाही असंच म्हणायचे," मी म्हटलं.

कुसुमनं कोपर सोडवून घेतलं. "तुम्ही जा बाहेर. मला बघायचंय." आणि ती पट्टीच्या अगदी काठाशी जाऊन उभी राहिली. मी दारात थांबलो. आत नाही, बाहेर नाही.

वैजूनं सांगितलं ते मी दारातून ऐकलं. दुधी चादरीची एक बारीक पट्टी काचेच्या नळीत घालायची, नळी त्या पिंपाच्या पोटात सोडायची. आत सगळे रेणू चुंबकात डोलत असतात. मग रेडिओच्या लहरीनं त्यांना एक हाक द्यायची आणि गप्प राहून ऐकायचं. ते जे उत्तर देतात त्याची पडद्यावर रेघ उमटते. रेघेला दोन शिंगं फुटली, लांब लांब, म्हणजे आतले सगळे शिस्तीत चुंबकाच्या बाजूनं उभे आहेत. ऊब देऊन शिस्त मोडली की दोन्ही शिंगं मिळून एकच होतं.

"पण हे बघ आई, ही बारीक थेंबांची पट्टी. इथे शिंगं नाहीत, नुसतं टेकाड."

"का गं?"

"थेंब इतका लहान असला की त्यातले बहुतेक सगळे भिंतीजवळच येतात. भिंतीची पकड सुटत नाही. चुंबकानं कितीही ओढलं तरी ते वळत नाहीत, भिंत सांगेल तसेच राहतात. मला तीच पकड मोजायचीय."

"आमचे हे भिंतीजवळचे," कुसुम म्हणाली, माझ्याकडे न बघता. वैजू हसली. मग कुसुमनं आणखी एक विचारलं. "म्हणजे न कापता, न फोडता आतलं सगळं कळतं?"

"सगळं नाही. जेवढं विचारू तेवढं."

"आणि दवाखान्यातलं ते मोठं मशीन, ज्यात माणसाला झोपवतात?"

"त्याच जातीचं, आई. हा त्याचा लहान भाऊ."

वैजूचा चेहरा उतरला, हे तिथेच, दारातच मी बघून ठेवलं. विचारलं नाही. मी आधी बघतो, मग विचारतो.

आणि ती पट्टीची गोष्ट. ती मी कितीदा मनात उलटसुलट केली असेल. हळकुंड दिसायच्याही आधी, हिवाळ्याच्या तोंडाला, वैजूनं एकदा तिच्या कामातली बोटभर पट्टी घरी आणली होती, साईसारखी पांढरी. म्हणाली, "हिला वीज नको, ऊबच पुरते. माणसाच्या तळहाताला सहसा साफ होत नाही, थंडीत तर नाहीच. जरासं जास्त लागतं. चहा झाला की ग्लासाला लावून दाखवते." मी मुठीत धरून बघितली. मूठ उघडली, पट्टी दुधीच. माझे हात असेही गार. "तुमच्यापुढे रेणूसुद्धा वळत नाहीत बघा," असं म्हणून कुसुमनं ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या मुठीत दाबली. मग उघडली.

पट्टी साफ. तिच्यातून तळहाताच्या रेषा दिसत होत्या, पोळपाट-लाटण्याचे घट्टे दिसत होते.

वैजूचं हसू जागच्या जागी थांबलं. "आई, चहाचा ग्लास धरला होतास का आत्ता?"

"नाही गं," कुसुम म्हणाली. मग तिनं वैजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे हो. हो, धरला होता की. आत्ताच ठेवला."

पट्टी हळूहळू पुन्हा दुधी होत गेली, कडेपासून आत. वैजूनं ती पाकिटात घातली. मी गॅसकडे बघितलं. चहा अजून पातेल्यात उकळत होता. गाळलाच नव्हता.

तेव्हा मी ताप हा शब्द का काढला नाही? काढला होता. रात्री म्हटलं, "अंग गरम लागतंय तुझं." तर म्हणाली, "दोन गोधड्या घेतल्यात, गार लागेल का?" आणि पाठ फिरवून झोपली. पुढचे दिवस ती खुर्चीवर बसताना कमरेला हात लावायची. विचारलं की "तुमच्यासारखं म्हातारपण मलाही येतं" म्हणायची. संक्रांतीचं हळदीकुंकू तिनं केलंच. कॉलनीभरच्या बायका, दाराशी चपलांचा ढीग, ही प्रत्येकीला वाण देतेय, प्लॅस्टिकचे डबे. मी म्हटलं, "आधी माणसं कमी होती का, आता डबे वाढवतेस?" ती म्हणाली, "तुम्ही गच्चीवर जा, तिथे कोहरा तुमची वाट बघतोय." बायका हसल्या. वैजू नाही हसली. वैजू आईच्या मागे उभी राहून तिच्या पाठीला हात लावून होती, आधार दिल्यासारखा. मी तेही बघितलं.

मग 'कमरेचं बघायचंय' म्हणून दवाखान्यातल्या त्या मोठ्या मशीनला गेलो. वैजूचं चुंबक गप्प असतं, हे दाराआडून बोंबलतं, ठोकतं, कोणीतरी पत्रे बडवल्यासारखं. एकाच जातीचे दोघे. मला विचाराल तर गप्प बसणाऱ्यावर माझा जास्त संशय.

तिथला माणूस कुसुमला म्हणाला, "अम्माजी, धातु का कुछ भी नहीं चलेगा. चूड़ी, बिछिया, मंगलसूत्र, सब उतारिए." ती उतरवत होती तेवढ्यात त्याचं गळ्याकडे लक्ष गेलं. "और ये क्या है?"

"हल्दी है भैया. गळा खाली नको राहायला."

त्यानं दोरा बोटानं चाचपला, जाऊ दिलं. मी बाहेर बाकावर तिचं मंगळसूत्र मुठीत धरून बसलो. मणी आधी तिच्या अंगाचे गरम होते, मग माझ्या हातात गार झाले. ती बाहेर आली, मी पुढे केलं. तिनं माझी मूठ परत मिटली.

"राहू दे तुमच्याकडे. परत काढावंच लागेल."

"परत म्हणजे?"

"आपलं म्हटलं. तुम्ही काय शब्दाशब्दाला पकडता हो? पोलीस का नाही झालात?"

होळी यायच्या आधीच तिला भरती केलं. त्या रोगाचं नाव मी लिहिणार नाही, त्याला तेवढा मान नाही. डॉक्टर भला माणूस होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबूजी, आपको तो सब शुरू से मालूम ही है." मी मान हलवली. काय करणार? परक्या माणसासमोर माझ्या घरातलं मलाच माहीत नाही, असं कसं सांगू? मी वैजूकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. कुसुमच्या गळ्यात तोच हळकुंडाचा दोरा होता, पिवळा जाऊन मळका झालेला. जाताना तोच होता. मंगळसूत्र माझ्या खिशातच राहिलं.

तेव्हापासून मी वैजूशी बोलतो, पण बोलत नाही. ती येते, डबा ठेवते, औषधं बघते. मी 'हो' म्हणतो, 'बरं' म्हणतो. तीही माझ्याशी फार सांभाळून बोलते. तळहातावर अंडं घेऊन चालल्यासारखी. घर आतून दुधी झालं होतं, दोन्ही बाजूंनी. उजेड यायचा, पण पलीकडचं काही दिसायचं नाही.

या रविवारी ती आली तेव्हा कोहरा जिन्यापर्यंत आला होता. हातात पेरूंची पिशवी, सुधीरनं हुंगून पाठवलेले. टेबलावर तिनं एक पाकीट ठेवलं. "काम संपलं त्या पट्ट्यांचं. सगळ्या टाकून दिल्या. ही एक राहिली होती." तीच बोटभर पट्टी. कडेनं जरा पिवळी पडलेली.

मी ती उचलली आणि तिच्यासमोर धरली.

"चहा गाळला नव्हता त्या दिवशी," मी म्हटलं. "पातेल्यात होता. मी बघितलं होतं."

ती खुर्चीवर बसली. ओढणीशी चाळा करत राहिली.

"तुला त्या दिवशीच ताप कळला. मग डॉक्टरकडे नेलंस. सगळं कळलं. मला का नाही? मी काय कोपऱ्यातलं टेबल होतो? तिला माझा भरवसा नव्हता, का तुला?"

"बाबा, आईनं शपथ घातली होती."

"शपथ मेलेल्या माणसाची संपते. बोल."

तिनं वर बघितलं. "मी खूप भांडले तिच्याशी. म्हटलं, बाबांना सांगूच. तर म्हणाली, 'हे बघ, तुला कळलंय तेव्हापासून तू माझ्याशी किती गोड बोलतेस. सुधीर फळं आणतो. उद्या कॉलनीतल्या बायका शिरा घेऊन येतील. सगळे गोड बोलायला लागले की मी मेलेच की गं. घरात एक तरी माणूस माझ्यावर ओरडणारा राहू दे. त्यांना कळलं तर त्यांचं ओरडणं बंद होईल. मग मी कोणाशी बोलू?'"

मला आधी संशयच आला. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून पोरीनं रचलं असेल. शिकलेली माणसं असलं चांगलं रचतात. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं, जसं साहेबांकडे माप घेता घेता बघायचो.

आणि मग मला मफलर आठवला.

ऐन कडाक्यात बालदीत बुडवलेला मफलर. मळलेला नव्हता तो. मी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं, मळला नाही, आत्ता परवा धुतलाय. आणि ती घुसळत राहिली, खाली मान घालून, हसत. अळणी वरण. बिनआल्याचा चहा. 'तुम्ही तोंड बदला.' 'पोलीस का नाही झालात?' एकेक आठवत गेलं आणि सगळं एका दिशेला तोंड करून उभं राहिलं. तापलेल्या अंगानं, गार पाण्यात हात घालून, ती बाई माझ्याकडून शिव्या मागून घेत होती. आणि मी दिल्या. एकही दिवस चुकवला नाही. जन्मात तिनं माझ्याकडे फार काही मागितलं नाही, आणि मागितलं ते मला कळलं नाही असंही पुष्कळदा झालं. हे मात्र न कळता पुरवत राहिलो.

वैजू उठून चहा ठेवायला गेली. मी तसाच बसलो, पट्टी मुठीत. चहा आला. मी घोट घेतला.

"यात आलं आहे का?"

"आहे ना बाबा. घातलंय." तोच सांभाळलेला आवाज.

"घातलंय की नुसतं दाखवलंय? तुझी आई..."

"घातलंय म्हटलं ना! प्रत्येक गोष्टीत कसला हो संशय? स्वतः उठून कधी एक कप केलात का या घरात?"

बऱ्याच दिवसांनी या घरात कोणाचा तरी आवाज चढला. तिची तीच दचकली आणि तोंडावर हात ठेवला. "सॉरी बाबा."

"सॉरी कसलं? आलं नाहीच आहे."

"आहे!"

"नाही."

तिनं माझा ग्लास ओढून घेतला, एक घोट प्यायली, आणि तिचा चेहरा पडला. आलं विसरली होती. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मी म्हटलं, "रड नंतर. आधी आलं कुटून आण. आणि पेरू काप, मीठ बेतानं."

ती आत खलबत्ता वाजवत होती तेव्हा मी मूठ उघडून बघितली. दुधीच होती. माझे हात गारच. पट्टी वैजूच्या ग्लासाला लावून ठेवली आणि उठून खिडकीशी गेलो. काच पुरती पांढरी झाली होती, पलीकडचा कोलार रोड दिसत नव्हता. मी बोट फिरवलं. ओल आतून होती. चहाची.

खात्री म्हणून गॅलरीत जाऊन बाहेरूनही एकदा पुसली.